गोठ्यामागचा बायोगॅस संच, ‘गॅसवर्धक’ पावडर आणि मोरचूद : दीड वर्षाच्या वापरानंतरचा अभिप्राय

मखमलाबाद शिवारातील आमच्या मळ्यात, गोठ्यामागे, दोन घनमीटर क्षमतेचा पिशवीचा बायोगॅस संच बसवून आता दीड वर्ष होत आले. संच, त्याच्या वायुनळीवर बसवलेला फिल्टर, एका वर्षाची देखभाल सेवा आणि ‘गॅसवर्धक’ या नावाने दिली जाणारी सूक्ष्मधातूंची पावडर हे सर्व आम्ही नाशिकमधील एकाच विक्रेत्याकडून घेतले. विक्रेत्याचे नाव मी येथे देत नाही, कारण याच घडणीचे संच आणि जवळजवळ याच लेबलाची पावडर अनेक जण विकतात आणि मला जे सांगायचे आहे ते त्या सर्वांच्या ग्राहकांच्या उपयोगाचे आहे. आमच्याकडे द्राक्षबाग यांच्या आणि धाकट्या दिरांच्या हाती आहे, तर गोठा आणि स्वयंपाकघर माझ्या व सासूबाईंच्या. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे, तरीही गेल्या वर्षी आमच्या संचात नेमके काय बिघडले हे कळायला मला जवळजवळ दीड महिना लागला. हा अभिप्राय प्रामुख्याने त्या दीड महिन्याबद्दल आहे.

आधी संचाविषयी, कारण त्याबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. पाच गाईंचे रोजचे सुमारे ५० किलो शेण तेवढ्याच पाण्यात कालवून आत जाते, तितकीच स्लरी दुसऱ्या टोकाने बाहेर येते, आणि आत गेलेले शेण सरासरी ४० दिवस पिशवीत राहते. म्हणजे पिशवीत सतत सुमारे ४,००० लिटर रबडी असते. हा ४,००० चा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज लागणार आहे. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर वायू मिळतो असा जो सर्वमान्य हिशेब आहे तो आमच्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात जुळला. दोन्ही वेळचा स्वयंपाक, चहा आणि गाईंची आंबवणी शिजवून झाल्यावरही थोडा वायू उरत असे. एक घनमीटर बायोगॅस साडेचारशे ग्रॅमच्या आतबाहेर एलपीजीचे काम करतो, त्यामुळे १४.२ किलोचा एक सिलिंडर दर सोळा दिवसांनी वाचतो असे म्हणायला हरकत नाही. पिशवीतील वायूचा दाब कमी असल्याने वर वाळूच्या गोण्या ठेवाव्या लागतात. नळीच्या जोडाशी एकदा गळती झाली, ती विक्रेत्याच्या कारागिराने दोन दिवसांत येऊन नीट बंद केली.

फिल्टरचे काम समजून घेणे महत्त्वाचे आहे. शेणाच्या वायूत मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याबरोबर थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्यासारखा वास त्याचाच, आणि शेगडीचे बर्नर खाऊन टाकणाराही तोच. फिल्टरच्या नळकांड्यात गंजलेल्या लोखंडाचा कीस भरलेला असतो. हा लालसर कीस सल्फाइड शोषून घेता घेता काळा पडतो, मग तो बाहेर काढून हवेत पसरला की पुन्हा गंजून लाल होतो आणि काही वेळा तरी परत वापरता येतो. आमचा कीस दर पाच-सहा आठवड्यांनी काळा पडत असे. ही रचना साधी आणि उत्तम आहे.

आता पावडर. एक किलोचा डबा, दर आठवड्याला दोन चमचे, किंमत साडेसहाशे रुपये. डब्यावर ‘लोह, निकेल, कोबाल्ट व इतर आवश्यक सूक्ष्मघटक’ एवढेच छापलेले आहे, कोणत्या घटकाचे प्रमाण किती हे कुठेही नाही. या पावडरीमागचे शास्त्र मात्र खरे आहे, ते थोतांड म्हणून झटकून टाकू नये. पिशवीत कुजण्याचे काम टप्प्याटप्प्याने चालते. एका गटाचे जिवाणू मोठे रेणू फोडतात, दुसरे त्यांच्यापासून आम्ले तयार करतात, तिसरे त्या आम्लांचे असेटिक आम्ल आणि हायड्रोजन करतात, आणि अखेरीस मिथेन तयार करणारे, फार प्राचीन कुळातील सूक्ष्मजीव त्यांपासून वायू करतात. या शेवटच्या गटाला धातू लागतात. मिथेन तयार होण्याच्या अगदी अंतिम पायरीवर जे विकर (एन्झाइम) काम करते त्याच्या गाभ्यातील एफ-४३० नावाच्या घटकात निकेलचा अणू असतो, ही गोष्ट १९८० च्या सुमारास स्पष्ट झाली. कोबाल्ट हा बी-१२ जीवनसत्त्वाच्या जातीच्या रेणूंत असतो आणि लोह तर जवळजवळ प्रत्येक पायरीवर लागते. मॉलिब्डेनम, टंगस्टन, सेलेनियम यांचीही गरज असते. पण ही गरज अत्यल्प, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅमच्या अंशात मोजण्याइतकी असते. त्या मर्यादेपलीकडे गेले की हेच निकेल आणि कोबाल्ट, आणि त्यांच्याहून कितीतरी अधिक तांबे, जस्त, कॅडमियम, क्रोमियम हे त्याच सूक्ष्मजीवांना मारक ठरतात. प्रथिनांमध्ये गंधकाची जी टोके असतात त्यांना हे धातू चिकटून बसतात, किंवा विकरातील योग्य धातूला हुसकावून त्याची जागा घेतात, आणि विकर निकामी होते.

शेण घालणाऱ्याला या पावडरीची गरज नसते, हे माझे पहिले मत. गाय चारा खाते, क्षारमिश्रण खाते, आणि तिच्या शेणातून हे सर्व धातू पुरेशा प्रमाणात आपोआप येतात. आम्ही पहिले चार महिने पावडर टाकली, मग पूर्ण महिनाभर टाकली नाही, आणि शेगडीच्या तासांत काहीही फरक पडला नाही. विक्रेत्याने हे विक्रीच्या वेळीच सांगायला हवे होते.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात द्राक्षबागेची गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, झाली. परतीचा पाऊस लांबला, वेलींवरील डाऊनी रोगाच्या धास्तीने बोर्डो या बुरशीनाशकाच्या फवारण्या वाढल्या, आणि त्याच काळात आमच्या घरात एक गोष्ट घडली जिच्याकडे कोणाचेही लक्ष गेले नाही : फिल्टरमधील कीस काळा पडेनासा झाला. वायूचा वासही गेला. सासूबाई म्हणाल्या, “यंदा वास नाही, चांगलं झालं,” आणि मलाही ते खरेच चांगले वाटले. दिवाळीच्या सुमारास ज्योत निळी राहण्याऐवजी फडफडू लागली, मग चहाचे आधण ठेवले की मध्येच विझू लागली. वायूने पिशवी फुगलेली दिसे, पण तो पेटत नसे, कारण त्यात मिथेन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त झाला होता. बाहेर येणाऱ्या स्लरीला नेहमीच्या सौम्य वासाऐवजी आंबट, ओकारी आणणारा वास येऊ लागला. आम्लता दाखवणाऱ्या पीएच पट्टीवर ६.२ च्या आसपासचा रंग आला, निरोगी संचात तो ७ च्या आगेमागे असायला हवा.

विक्रेत्याला फोन केला. त्याने पहिले कारण थंडीचे सांगितले. नाशिकमध्ये हे कारण पटकन पटते, कारण निफाडच्या पट्ट्यात पारा एक अंकी उतरतो आणि थंडीत वायू खरोखर कमी होतो. पण त्या आठवड्यात अजून रात्री पांघरूणही लागत नव्हते. नंतर त्यांचा कारागीर आला, स्लरीचा वास घेतला आणि म्हणाला, “ताई, जिवाणू उपाशी आहेत. पावडर दुप्पट करा.” तो मुलगा नम्र होता, कामसू होता, आणि त्याला जे शिकवले गेले तेच त्याने सांगितले. मी पंधरा दिवस पावडर दुप्पट टाकली. ज्योत आणखी मंदावली. या सेवेबद्दल माझी खरी तक्रार येथे आहे. धातूंच्या कमतरतेने आजारी पडलेला संच आणि धातूंच्या अतिरेकाने आजारी पडलेला संच बाहेरून सारखेच दिसतात. दोहोंत मिथेन तयार करणारा गट मागे पडतो, आम्ले तयार करणारा गट तुलनेने दणकट असल्याने आपले काम चालू ठेवतो, आम्ले साचतात, पीएच उतरतो, ज्योत विझते. उपाय मात्र अगदी उलट आहेत. अशा वेळी पावडरचा डबा पुढे करण्याआधी ‘गेल्या महिन्यात कुंडीत काय काय टाकले’ हा एकच प्रश्न विचारला असता तर आमचे तीन आठवडे वाचले असते. तो प्रश्न दोन भेटींत आणि चार फोनवर एकदाही विचारला गेला नाही.

तो प्रश्न अखेर मीच घरात विचारला. शेण कालवण्याची कुंडी गोठ्याच्या नळाजवळ आहे, आणि फवारणीच्या ब्लोअरची टाकीही त्याच नळावर धुतली जात होती. फवारणीनंतर टाकीच्या तळाशी उरलेले बोर्डो दुसऱ्या दिवशी उपयोगाचे नसते, ते त्याच दिवशी वापरावे लागते, म्हणून भाऊजी ते धुवणासकट कुंडीत सोडत होते. “वहिनी, शेणातच जातंय, वाया कशाला घालवायचं, असं वाटलं,” ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीने ते पाणी वाचवणे होते. त्यांनी आठवून सांगितले की दर वेळी वीसेक लिटर उरत असे आणि असे चार वेळा घडले.

त्याचा हिशेब मी वहीत मांडला. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि चुना. मोरचुदात वजनाच्या सुमारे २५ टक्के तांबे असते, म्हणजे लिटरमागे अडीच ग्रॅम. वीस लिटरमध्ये ५० ग्रॅम, चार वेळा मिळून २०० ग्रॅम. पिशवीतील ४,००० लिटर रबडीत ते मिसळले की लिटरमागे ५० मिलिग्रॅम तांबे होते. ज्या सूक्ष्मजीवांना धातू मिलिग्रॅमच्या अंशात हवे असतात त्यांच्यासाठी हा आकडा भयंकर आहे. चार खेपांच्या दरम्यान थोडे तांबे स्लरीबरोबर बाहेर गेले असेल, पण जड गाळ तळाशीच बसतो, म्हणून मी ती सूट धरलेली नाही.

येथे एक बारकावा आहे आणि तोच मला सर्वांत शिकण्यासारखा वाटला. एकूण तांबे किती यापेक्षा विरघळलेले, मोकळे तांबे किती यावर विषबाधा ठरते. पिशवीतील सल्फाइड तांब्याला पकडतो आणि पाण्यात जवळजवळ न विरघळणाऱ्या काळ्या कॉपर सल्फाइडच्या रूपात तळाशी बसवतो. म्हणजे ज्या वासाला आपण नावे ठेवतो तोच वायू संचाचा रखवालदार असतो. आमच्या पिशवीतील सल्फाइड पहिल्या दोन खेपांतच तांब्याला बांधण्यात खर्च झाला, म्हणून वास गेला आणि कीस लाल राहिला. पुढच्या खेपांचे तांबे बांधायला सल्फाइड उरला नाही. मग आम्ले साचू लागली, पीएच उतरला, आणि आंबट रबडीत तांबे आणखी विरघळू लागले. सासूबाईंना हे एका वाक्यात कळले. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवू नये, हे जुन्या नाशकातील तांबट लेनमधून भांडी आणणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असते, कारण आंबटाने तांबे सुटते आणि अन्न कळकते. आमची पिशवी अक्षरशः कळकली होती.

उपचार साधा होता, पण धीराचा. पावडर बंद केली. तळाच्या गाळासह सुमारे एक तृतीयांश रबडी उपसून पक्क्या खड्ड्यात टाकली. म्हसरूळकडील एका शेतकऱ्याच्या चालू संचातून २०० लिटर स्लरी विरजण म्हणून आणली. चार किलो खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून तीन दिवसांत थोडा थोडा घातला. दोन आठवडे फक्त निम्मे शेण दिले, कारण मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव फार सावकाश वाढतात आणि त्यांच्यावर खाद्याचा मारा केला की पुन्हा आम्लेच साचतात. मग खरी थंडी आली, त्यामुळे आणखी उशीर झाला. संक्रांतीची तिळाची वडी मात्र बायोगॅसवरच झाली.

पावडरीला न्याय द्यायचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माझी मावसबहीण गंगापूर रोडच्या एका सोसायटीत राहते. तेथे याच विक्रेत्याचा मोठा संच आहे आणि त्यात केवळ स्वयंपाकघरातला ओला कचरा जातो. सुरुवातीला शेणाचे विरजण घातले होते, त्यानंतर शेण कधीच नाही. आठ-दहा महिने उत्तम चालल्यानंतर तो संच हळूहळू आंबट होऊ लागला. हे घडणारच होते, कारण भात, पोळी, भाज्यांची साले यांत निकेल, कोबाल्ट, सेलेनियम अगदी कमी असतात, आणि मूळ शेणातून आलेला साठा रोजच्या स्लरीबरोबर वाहून जात असतो. तेथे पावडर नियमित सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत ज्योत स्थिर झाली. मी त्यांना पावडरऐवजी आठवड्याला दोन-तीन घमेली शेण घालून पाहण्यास सांगितले आहे, पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना शेण मिळवणे सोपे नसते आणि त्यांच्यासाठी साडेसहाशे रुपयांचा डबा हा रास्त सौदा आहे. प्रमाणे छापली असती तर मी तो बिनधास्त सुचवला असता.

नाशिकसारख्या ठिकाणी हे धातू किती वाटांनी कुंडीपर्यंत पोहोचू शकतात याची कल्पना मला या प्रकरणानंतर आली. गाईंच्या खुरांना जखमा झाल्या की मोरचुदाच्या पाण्यात खूर बुडवतात, आणि ते पाणी गोठ्याच्या गटारातून थेट शेणात येते. कोंबड्यांच्या खाद्यात तांबे आणि जस्त घालतात, त्यामुळे कोंबडखत बेताने वापरावे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पिंपात आंबलेले अन्न दिवसेंदिवस ठेवले तर जस्त सुटते. बोर्डो मारलेल्या वेलींची विरळणीतली पाने आम्हीही पूर्वी कुंडीत टाकत होतो, ती आता टाकत नाही. एका परिचिताने विरजणासाठी शहरातल्या नाल्याचा गाळ आणण्याचा सल्ला दिला होता, तो मी स्पष्ट नाकारला. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत धातूंवर मुलामा देण्याचे उद्योग आहेत आणि अशा भागांतील सांडपाण्याच्या गाळात क्रोमियम, निकेल, जस्त असण्याची शक्यता धरूनच चालावे. हवाबंद पिशवीत सहा संयुजेचे विषारी क्रोमियम तीन संयुजेच्या, कमी घातक रूपात जाऊन बसते हे खरे, पण ते नाहीसे होत नाही. महापालिकेचा विल्होळी येथील, जर्मन सहकार्याने उभारलेला प्रकल्प हॉटेलांचा ओला कचरा आणि शौचालयांचा मैला एकत्र कुजवण्यासाठी बांधलेला आहे, दिवसाला ३० टनांच्या क्षमतेचा. एवढ्या मोठ्या टाकीत काय येते यावर रोज नजर ठेवावी लागते, आणि घरगुती संचाला तो नियम लागू नाही असे आपण उगाच समजतो.

स्लरीबद्दल विक्रेते ‘सोन्यासारखे खत’ म्हणतात. आमच्या बागेत तिचा उपयोग निश्चित होतो. पण कुजताना कर्ब वायूच्या रूपाने निघून जातो आणि धातू तेवढेच मागे राहतात, म्हणून कोरड्या स्लरीत त्यांचे प्रमाण मूळ शेणापेक्षा वाढते. आमचे २०० ग्रॅम तांबे पिशवीतील साधारण २४० किलो कोरड्या घनपदार्थात वाटले तर किलोमागे ८०० मिलिग्रॅमहून अधिक होते, आणि खत नियंत्रण आदेशात सेंद्रिय खतासाठी तांब्याची मर्यादा किलोला ३०० मिलिग्रॅम आहे. निकेलसाठी ती ५०, शिशासाठी १०० आणि कॅडमियमसाठी ५ आहे. म्हणून उपसलेली रबडी आम्ही भाजीच्या वाफ्यांत टाकली नाही. आधीच वर्षानुवर्षे बोर्डो झेललेल्या बागेतही टाकली नाही. ती खड्ड्यातच आहे.

एवढे सर्व झाल्यावर माझे मत असे आहे की संच घ्यावा. पिशवी, जोडकाम आणि फिल्टर यांना मी पाचपैकी चार गुण देईन, एक गुण दाब कमी पडतो म्हणून कापला. पावडर शेणावर चालणाऱ्या संचासाठी घेऊ नये, फक्त ओल्या कचऱ्यावर चालणाऱ्या संचासाठी घ्यावी, आणि घेताना विक्रेत्याकडून प्रत्येक धातूचे प्रमाण लेखी मागावे. देखभाल सेवेत यंत्राची देखभाल चांगली आणि आतल्या जीवसृष्टीची जवळजवळ शून्य आहे, म्हणून तिला दोनच गुण. मी विक्रेत्याला माझ्या वहीची पाने दाखवली तेव्हा त्यांनी ती शांतपणे वाचली आणि पुढच्या ग्राहकांसाठी आत काय टाकले याची छापील नोंदवही देऊ असे सांगितले. या वर्षी माझ्या नणंदेने त्यांच्याकडूनच संच घेतला, तिला ती नोंदवही मिळालेली नाही. मी तिला शंभर पानी वही आणून दिली आणि पहिल्या पानावर तारीख, शेण, पाणी, इतर काही, पीएच आणि किसाचा रंग असे रकाने आखून दिले.

यंदाची गोडी छाटणी होऊन महिना झाला. ब्लोअरची टाकी आता बागेतच, शेवटच्या ओळीत फवारून रिकामी होते आणि तिकडेच धुतली जाते, कुंडीवर लाकडी झाकण आहे. काल फिल्टर उघडून पाहिला. कीस अर्ध्याहून अधिक काळा झाला आहे आणि गोठ्यामागे अंड्याचा वास येतो आहे.